रफू लांबून बघताना

रफूताईने त्या सकाळी एकच बातमी तीन माणसांना सांगितली आणि सांगता सांगता ती वाढत गेली. घरी नवऱ्याला ती म्हणाली, "डोळ्यांचं लेझर करून घ्यावं म्हणतेय." बंद दुकानाच्या दारात इस्त्रीवाल्या काकांना म्हणाली, "लेझर करणार आहे." आणि मालक शटर वर करून आत येतात न येतात तोच त्यांना म्हणाली, "मालक, माझी तारीख मिळाली!"

तारीख मिळाली होती ती नुसत्या तपासणीची. पण तिला आता थांबवणार कोण?

कपडे ड्रायक्लीन करणाऱ्या त्या दुकानाच्या मागच्या खोलीत ती रफू करायची. खोलीत एक खिडकी, खिडकीबाहेर भिंत, एक वाकड्या मानेचा दिवा, आणि दांडीवर लटकणारे दुसऱ्यांचे कोट. किडीने खाल्लेले, विस्तवाने जळलेले, खिळ्याला अडकून फाटलेले. भोक पडलेल्या कपड्याच्याच शिवणीतून, जिथे कोणाची नजर जात नाही तिथून, ती धागे काढायची आणि त्याच धाग्यांनी भोक पुन्हा विणायची. कापडाला कापडाचंच देऊन बरं करायचं, असं हे काम.

कामाला बसली की आधी चष्मा काढून केसांत खोचायची. नंबर उणे साडेसात. काचा एवढ्या जाड की लहानपणी गल्लीतली पोरं तिला ढापणी म्हणायची. पण चष्मा काढून कापड नाकाशी नेलं की जग एकदम उघडायचं. वितीच्याही अलीकडे, नाकापासून चार बोटांच्या थोडं पुढे, एक जागा होती आणि त्या जागेत रफूताईला जे दिसायचं ते दुकानात दुसऱ्या कुणालाही दिसत नव्हतं. तिथे धागा दोरखंडाएवढा जाड होता. लोकरीचा प्रत्येक तंतू वेगळा उभा राहायचा. त्या जागेच्या पलीकडे मात्र सगळं धुकं.

"रफूताई कापड बघत नाही," काका गिऱ्हाइकांना सांगायचे, "हुंगते."

लेझरचं खूळ डोक्यात घातलं धाकट्या बहिणीने. तिने स्वतः करून घेतलं होतं, आणि फोन केला होता तो रस्त्यातूनच. "ताई, समोरच्या दारावर पाटी आहे! 'येथे गाडी लावू नये.' खाली बारीक अक्षरात लिहिलंय, 'हवा सोडण्यात येईल.' ताई, मी चष्म्याशिवाय वाचतेय! लोक माझ्याकडे बघतायत, बघू देत! मला त्यांची तोंडं दिसतायत!"

रफूताईने फोन ठेवला आणि तिला आपल्या चष्म्याचे सगळे छळ एकदम आठवले. चहाच्या वाफेने आंधळं होणं. चष्मा हरवला की चष्म्याशिवाय शोधणं. केस कापताना बाई विचारते, "एवढे बरे वाटतायत ना?" आणि आरशातल्या तपकिरी ढगाकडे बघून "छान!" म्हणणं. आणि तरणतलावातला तो प्रसंग. हौसेने पोहायला शिकली होती. चष्मा काठावर. एक दिवस पाण्यातून चालत नवऱ्यापाशी गेली आणि त्याच्या पोटावर चापट मारून म्हणाली, "आत घ्या हो जरा!" तो नवरा नव्हता. बिचाऱ्याने पोट मात्र आत घेतलं होतं.

तपासणीला ती नवऱ्याला घेऊन गेली. तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा, त्यामुळे यंत्र दिसलं की त्याचा हात शिवशिवायचा. "कशाला हात लावू नका," असं तिने दारातच बजावलं. हनुवटी टेकवा, कपाळ लावा, आत बघा. आत एक सरळ रस्ता होता आणि रस्त्याच्या टोकाला एक लहानसं लाल घर. घर धूसर झालं, मग स्पष्ट झालं, मग पुन्हा धूसर. त्या घरात आपण राहायला चाललो आहोत असं तिला वाटलं.

डॉक्टर मॅडम मध्यम वयाच्या, हळू बोलणाऱ्या होत्या. कागद बघून म्हणाल्या, "बुबुळ चांगलं जाड आहे. नंबर कित्येक वर्षं स्थिर आहे. करता येईल."

रफूताई खुर्चीतून अर्धी उठलीच. "मग कधी?"

"बसा, बसा. काम काय करता तुम्ही?"

"रफू."

"कसं करता? दाखवा."

तिने चष्मा केसांत खोचला, मॅडमच्या पांढऱ्या कोटाची बाही हातात घेतली आणि सवयीने नाकाशी नेली. "हे बघा, इथं उसवायला लागलंय. आणि इथं शाई सांडली होती, धुतलीये, तरी आत राहिलीच."

मॅडम हसल्या नाहीत. बाही सोडवून न घेता त्या तशाच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे जाईल."

"काय जाईल?"

"हे जवळचं. आत्ता तुमच्या डोळ्यांत जन्माचं भिंग आहे असं समजा. लेझरने लांबचं दिसेल, माझ्यासारखंच, आणि जवळचंही माझ्यासारखंच दिसेल. म्हणजे एवढ्या जवळून काहीच नाही. वय अडतीस ना? अजून चार-पाच वर्षांत चाळिशी लागेल, वाचायलासुद्धा चष्मा. आत्ता आहेत तसे डोळे ठेवले तर चाळिशी लागूनही तुम्हाला कळणार नाही. चष्मा काढला की झालं."

नवरा म्हणाला, "मग नकोच ना." रफूताईने त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की तो यंत्राचे स्क्रू मोजायला लागला.

मॅडमनी ड्रॉवरमधून दोन छोट्या डब्या काढल्या. "या लेन्सा आठवडाभर घाला. तुमच्या पूर्ण नंबरच्या आहेत. लेझरनंतर जसं दिसेल, साधारण तसंच दिसेल. त्या घालून जगून बघा. मुख्य म्हणजे त्या घालूनच काम करून बघा. मग मला सांगा. घाई माझी नाही आणि तुमचीही नको."

घाई मात्र रफूताईच्या अंगात मुरली होती. लेन्सा घालायला शिकताना तिने डोळ्यांत बोटं घालून घालून आरसा ओला केला. आणि मग एकदाच्या त्या बसल्या.

दवाखान्याच्या दारात ती थांबली. रस्ता मोठा झाला होता. जाड चष्म्यातून सगळं नेहमी थोडं लहान दिसायचं, कडेला वाकलेलं, कुणीतरी जपून डबीत भरल्यासारखं. आता डबीचं झाकण उडालं होतं. समोरच्या झाडाला पानं होती. झाडाला पानं असतात हे तिला माहीत होतंच, पण एवढी? एकेक? तिसऱ्या मजल्यावर एक बाई चादर झटकत होती आणि चादरीतून उडालेली धूळसुद्धा दिसत होती.

"अहो, त्या बाईला मागून कुणीतरी हाक मारतंय. वळली बघा!"

"हो."

"तुम्हाला नेहमी एवढं सगळं दिसतं?"

"दिसतं."

"आणि तुम्ही गप्प बसता?"

घरी पोचेपर्यंत तिने पाट्या वाचल्या, बसचे नंबर वाचले, एका माणसाच्या खिशातून डोकावणाऱ्या पाकिटावरचा पत्तासुद्धा वाचला. आंघोळीला गेली तेव्हा तिला आपली पावलं दिसली, बोटांसकट, उभ्याने. रात्री नवरा म्हणाला, "आता मीही नीट दिसलो असेन."

"दिसलात ना. म्हणून तर चष्मा परत लावावासा वाटतोय."

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली आणि सवयीने कापड नाकाशी नेलं. नाकाशी काहीच नव्हतं. करडा लगदा. तिने कापड दूर नेलं, आणखी दूर, हात जवळजवळ लांब होईपर्यंत. तेव्हा कुठे धागे दिसले, पण किती बारीक! दोरखंडांचे केस झाले होते. सुई एका धाग्याऐवजी दोन धागे उचलायला लागली. तासाभराने कपाळ ठणकायला लागलं. ज्या चार बोटांच्या जागेत ती इतकी वर्षं राहत होती तिथून कुणीतरी तिला सामानासकट बाहेर काढलं होतं.

डोळे मिटून ती उठली, दारापाशी जाऊन उभी राहिली. मग सहज मागे वळून दांडीकडे बघितलं.

दांडीवर तिने आदल्याच दिवशी पूर्ण केलेला करडा कोट लटकत होता. कोपराजवळ तिचं रफू. नाकाजवळून बघितलं होतं तेव्हा त्यात चूक काढायला जागा नव्हती. धाग्याला धागा, वीण तंतोतंत. आता पुढच्या दारातून तिरका उजेड येत होता आणि त्या उजेडात कोपरावर एक चौकोन दिसत होता. टपालाच्या तिकिटाएवढा. रंग तोच, वीण तीच. पण घट्ट. आजूबाजूचं कापड सैल श्वास घेत होतं आणि तो चौकोन श्वास रोखून बसला होता.

ती दुसऱ्या कोटाकडे गेली. तिथेही चौकोन. तिसऱ्यावरही.

"काका," ती म्हणाली, "हे तुम्हाला दिसतं?"

काकांनी इस्त्री उभी केली. त्यांनी कोटाकडे बघितलंच नाही. तिच्याकडे बघितलं आणि कानामागे खाजवलं.

"काका!"

"अगं, दिसायचं कधीमधी. तू धागा जरा ओढतेस. जवळून बघतेस ना, मग जरासं सैल असलं की तुला भगदाड वाटत असेल. मी ओलं फडकं टाकून वाफ मारतो. दोनतीनदा मारली की बसतं खाली."

"इतकी वर्षं?"

"वाफेला काय पैसे पडतात?"

"आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत?"

"काय सांगायचं? 'रफूताई, तुझं रफू दिसतं'? त्यापेक्षा ही गरम इस्त्री जिभेला लावली असती."

ती मटकन स्टुलावर बसली. जरा वेळ रडावंसं वाटलं, पण लेन्सा वाहून जातील ही भीती. मग तिला हसू फुटलं. लोक ज्या अंतरावरून कोट बघतात त्या अंतरावरून तिने आपलं काम कधी बघितलंच नव्हतं. काम झालं की कोट दांडीवर, दांडीवरून काकांकडे. चष्मा डोळ्यांवर यायचा तो घरी जाताना. आणि त्या चष्म्यातून तिकिटाएवढा चौकोन मोहरीएवढा व्हायचा. म्हणजे जे जाणार म्हणून ती हबकली होती ते जवळचं बघणं पुरेसं नव्हतंच. आणि तेवढंही गेलं तर हातात काय उरणार हेही माहीत नव्हतं. भीती तीच होती, पण आता तिच्यात कसलीतरी गुदगुली मिसळली होती, शाळेच्या सहलीच्या आदल्या दिवशीसारखी.

त्याच दुपारी वाद्यवृंदाचे संचालक आले. उंच, घाईतले, बोलताना दोन्ही हात हलवणारे. त्यांच्याजवळ एक काळा, मागे लांब शेपट्या असलेला कोट होता आणि कोटाच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या अगदी मधोमध, कसर लागून पडलेलं भोक.

"पुढे पडलं असतं तर मी आलोच नसतो," ते म्हणाले. "माझं तोंड बघायला कुणी येत नाही हो. दोन तास अख्खं सभागृह माझी पाठच बघत असतं. आणि वरून दिवे, हे एवढे! परवा कार्यक्रम आहे."

मालकांनी कोट घेतला, पावती दिली, आणि संचालक गेल्यावर ते मागच्या खोलीत आले. "ताई, त्या लेन्सा का काय त्या काढून ठेव हां. हे काम बिघडलं तर या पाठीचा शहरभर बोभाटा होईल."

"मालक, लेन्सा काढून केलं तर मला कळणार कसं?"

"काय कळायचंय?"

"करायचं की नाही ते. हे जमलं तर लेझर. नाही जमलं तर जन्मभर चष्मा, पुन्हा विषय काढणार नाही."

मालकांनी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "वाफ तयार आहे." मालक कपाळाला हात लावून पुढे गेले.

शेजारच्या घड्याळवाल्याकडून तिने दिव्याला अडकवायचं मोठं भिंग मागून आणलं. पहिले काही धागे नुसती मारामारी. भिंगाखाली सुई एकीकडे दिसायची आणि बोट दुसरीकडे लागायचं. तिने उसवलं, पुन्हा घातलं, पुन्हा उसवलं. मग हळूहळू भिंगाखालच्या त्या गोल उजेडात बोटांना रस्ता सापडला. चारपाच ओळी झाल्या की ती उठायची, कोट दांडीला अडकवायची आणि दारापर्यंत मागे जायची. घट्ट वाटलं की परत येऊन धागा केसभर सैल सोडायचा. पुन्हा दारापाशी. काका मधेच उभे असले की "व्हा बाजूला!" एवढं ती आयुष्यात कधी चालली नव्हती. रफू हे बसून करायचं काम आहे असं तिला आजवर वाटत होतं. ते येरझाऱ्या घालत करायचं काम निघालं. दारात उभी राहिली की तिला ते भोक मिटताना दिसायचं, आणि तिच्या तोंडून दरवेळी एक बारीकसा आवाज निघायचा, उकळी फुटल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी दुपारी भोक मिटलं. दुप्पट वेळ लागला होता. तिला राहवेना. तिने एका डोळ्यातली लेन्स काढली, दुसऱ्या डोळ्यावर हात ठेवला आणि कोट नाकाशी नेला, जुन्या जागी.

आणि तिथे चूक होती. मधोमध एक आडवा धागा एका उभ्या धाग्यावरून जायच्या ऐवजी दोन धाग्यांवरून गेला होता. दोरखंडाएवढी चूक. अशी चूक तिने शिकाऊ असतानाही केली नसेल. कात्री आपोआप हातात आली.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"चुकलंय. उसवते."

"मला दाखव." काकांनी कोट घेतला, चाळिशी लावली, चाळिशी काढली, खिडकीशी नेला. "कुठं?"

"इथं. हे काय, दोन धाग्यांवरून गेलंय!"

"मला तर कापड दिसतंय. तुझ्या नाकाएवढ्या जवळ नाक आणून संगीत ऐकणारं कुणी असेल तर उसव बाई."

तिने लेन्स पुन्हा घातली आणि दारापाशी गेली. काकांनी पाठीमागून दिवा तिरका धरला. पाठ काळी, सलग, सैल. तिने श्वास सोडला. कात्री खाली ठेवायला तिला बराच वेळ लागला, पण तिने ती ठेवली.

कोट पोचवायला ती स्वतःच गेली. सभागृहात तालीम संपत आली होती. मंचावर वादक आपापली वाद्यं पुसत होते, खुर्च्या रिकाम्या, दिवे पूर्ण. संचालकांनी कोट चढवला आणि खांदे उडवले.

"छान बसलाय. पण मला माझी पाठ दिसत नाही. सांगा तुम्हीच."

"हात हलवा ना सर. कार्यक्रमात हलवता तसे."

संचालकांनी हात वर केले, आणि सवयीने दोनतीन वादकांनी वाद्यंही उचलली. सगळे हसले. रफूताई पहिल्या रांगेत उभी राहिली. पाठीवर कापड ताणलं जात होतं, सैलावत होतं. तिला ती जागा दिसत होती. कुठे बघायचं ते माहीत असलं की दिसते तशी. ती दुसऱ्या रांगेत गेली. अजून किंचित. कुणीतरी फुंकर घातल्यासारखा डाग. तिसऱ्या रांगेत गेली आणि डाग नाहीसा झाला. ती वाकून बघू लागली, मान तिरकी करून बघू लागली. नाहीच.

"काय ते सांगा!" संचालक पाठमोरेच ओरडले. हात दुखायला लागले होते.

"सापडत नाही सर! तिसऱ्या रांगेपासून सापडत नाही!"

"मग झालं तर. पहिल्या दोन रांगांत आमचे नातेवाईक असतात. ते झोपतात."

पण ती थांबली नाही. काम झालं होतं, आणि पाय मागे मागे जात होते. पाचवी रांग, दहावी. पाठीवरचं रफू कधीच विरून गेलं होतं. आता तिला बाकीचं दिसत होतं. व्हायोलिन वाजवणाऱ्या मुलीच्या हनुवटीखाली पडलेला लालसर घट्टा. एका म्हाताऱ्या वादकाने बुटाची नाडी सोडून टाकली होती. ढोलावर कुणाचा तरी हातरुमाल वाळत होता. उजेडाच्या झोतात धूळ वर जात होती, आणि ती धूळ थेट छतापर्यंत जाताना दिसत होती. शेवटच्या रांगेत तिची पाठ भिंतीला लागली. तिथून अख्खं सभागृह एका कापडासारखं समोर पसरलं होतं आणि त्यातला प्रत्येक माणूस वेगळा होता. आजवर तिचं जग वितीभर होतं आणि त्या वितीची ती राणी होती. इथे ती कुणी नव्हती. नुसती बघणारी. आणि तिला ते हवं होतं, आत्ता, ताबडतोब.

सभागृहाच्या पायऱ्यांवरूनच तिने दवाखान्यात फोन लावला. "मॅडमना सांगा, रफूवाली बाई. नीट विचार केलाय. काम करून बघितलंय. करायचंय. दोन्ही डोळे. उद्या येऊ?"

फोनवरची मुलगी हसली. "उद्या नाही हो. आधी लेन्सा काढून ठेवायच्या. दोन आठवडे नुसता चष्मा. बुबुळ पूर्ववत झालं की पुन्हा मोजणी, मग लेझर."

"दोन आठवडे चष्मा?"

"हो."

तिने पायऱ्यांवरून समोरच्या रस्त्याकडे एकदा डोळे भरून बघून घेतलं आणि घरी जाऊन लेन्सा काढल्या. रस्ता पुन्हा डबीत गेला. पण चिडायला सवड नव्हती. तिच्या ध्यानात आलं की हे दोन आठवडे त्या जुन्या जागेचेही शेवटचे आहेत. मग तिने सपाटाच लावला. चष्मा केसांत, आणि जे हाती येईल ते नाकाशी. साखरेचे दाणे. तळहात. उशीचा अभ्रा. पालकाच्या पानामागचं जाळं. खिडकीत फुलपाखरू मरून पडलं होतं, त्याचा पंख तिने कागदावर उचलला आणि "अहो, याला खवले आहेत, ओळीने!" असं ओरडत घरभर फिरली. बहीण फोनवर म्हणाली, "ताई, तू सुटीवर चाललीस की डोळ्यांचं करायला?"

एका सकाळी नवरा कामाला निघताना बूट घालत होता. ती त्याच्या समोर जमिनीवर बसली आणि त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून नाकाशी आणलं.

"काय झालं?"

"हलू नका." ती त्याच्या उजव्या भुवईवरून हळूहळू सरकत होती, धाग्यामागून धागा. "इथे एक पांढरा केस आहे. उलटा उगवलाय. याच्या मुळाशी एवढीशी खळी आहे, कधी दिसलीच नव्हती मला."

"मग?"

"मग काही नाही. हे असं पुन्हा दिसणार नाही."

तो एका पायात बूट घालून तसाच बसला. म्हणाला, "अगं, एवढं वाटतंय तर राहू दे ना लेझर."

"छे हो," ती म्हणाली, आणि दुसऱ्या भुवईकडे वळली.